माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याची बैठक

शाळा सोडून बरींच वर्षें लोटलीं, कीं वर्गबंधूंना पुन्हां एकत्र जमावेंसें वाटतें. दिवस ठरतो, जेवणाचा बेत ठरतो. परंतु दालनांत कोणीं कोठें बसावयाचें, याचा विचार बहुधा आयत्या वेळीं होतो. वास्तविक मेळावा रंगतो कीं विसकटतो, हें पुष्कळ अंशीं बैठकीवर अवलंबून असतें. म्हणून त्या कामाचे चार नियम येथें क्रमानें दिले आहेत.

पहिला नियम मापाचा. समजा, दालन ४० फूट लांब व २५ फूट रुंद आहे; म्हणजे क्षेत्रफळ १००० चौरस फूट झालें. एका टोकास भाषणासाठीं व दुसऱ्या टोकास फराळाच्या मेजांसाठीं सहा-सहा फुटांची पट्टी सोडली, तर ३०० चौरस फूट गेले. उरलेल्या २८ फूट लांबींत मधोमध ४ फूट रुंदीची वाट ठेविली, तर आणखी ११२ गेले. बाकी ५८८. येण्याजाण्याच्या जागेसह प्रत्येक खुर्चीस १० चौरस फूट धरावे. म्हणजे ५८ माणसें सुखानें बसतील. चाळीस वर्गबंधू एकटे आले, तर जागा पुरून उरेल. तेच सहकुटुंब आले, तर पुरणार नाहीं. यास्तव हा हिशेब निमंत्रणें धाडण्यापूर्वींच करावा. माणसें अधिक असल्यास ओसरीचा उपयोग करावा व जेवणाच्या दोन पंगती कराव्या. चौकटींच्या कागदावर दोन फुटांस एक सेंटिमीटर या प्रमाणानें नकाशा काढून, मेजांच्या मापाचे कागदी तुकडे त्यावर मांडून पाहावे. कागदाचा तुकडा बोटानें सरकतो. लांकडी मेज सरकविण्यास चौघे लागतात.

दुसरा नियम दारांचा. हरियाणांतील मंडी डबवाली येथें २३ डिसेंबर १९९५ रोजीं एका शाळेच्या वार्षिक समारंभांत मांडवास आग लागली. बाहेर पडण्याची सोय अपुरी होती. चारशेंहून अधिक माणसें मृत्यू पावलीं, व त्यांत मुलें पुष्कळ होतीं. हें स्मरून कोणत्याही दारापुढें मेज, खुर्ची किंवा चपलांचा ढीग असूं नये. दारांस कडी घालूं नये. मधली वाट अखेरपर्यंत मोकळी ठेवावी. शोभेचे पडदे दिव्यांपासून व चुलीपासून दूर असावे.

तिसरा नियम स्थळाचा. आपल्या कर्जत-खालापूर भागांत पाऊस मुबलक. मेळावा आषाढ-श्रावणांत असेल, तर ओल्या छत्र्या व पादत्राणें यांस ओसरीवर निराळी जागा हवी. खोपोलीची आगगाडी कर्जतहून पळसदरी, केळवली, डोळवली व लौजी अशी जाते. या शाखेवर गाड्या मोजक्याच. तिकडील मंडळींस गाडी गांठण्यासाठीं कदाचित् मध्येंच उठावें लागेल. त्यांस दाराजवळ बसवावें, म्हणजे कोणाचा रसभंग होणार नाहीं. उशिरा येणाऱ्यांसाठीं वक्त्यासमोरचें दार न उघडतां मागील दार उघडें ठेवावें.

चौथा नियम माणसांचा, आणि तोच सर्वांत अवघड. वृद्ध गुरुजनांना वक्त्याजवळ, हातांच्या खुर्च्यांवर बसवावें. ज्यांस कमी ऐकूं येतें त्यांच्यावर ध्वनिक्षेपकाचा कर्कश मारा होऊं देऊं नये. ज्यांस पायऱ्या चढवत नाहींत त्यांची बैठक तळमजल्यावरच असावी. राहतां राहिले वर्गबंधू. मुंबई-पुण्यास मोठ्या हुद्द्यावर चढलेले पुढें, व वाडीवर शेती करणारा किंवा मजुरीवर पोट भरणारा मागें भिंतीशीं, अशी मांडणी कोणी ठरवून करीत नाहीं; ती आपोआप होते, आणि म्हणूनच टाळावी लागते. उपाय सोपा आहे. जुन्या हजेरीपटाच्या क्रमानें सात-सात जणांचीं वर्तुळें करावीं. पटावर कोणाचा हुद्दा लिहिलेला नसतो. निमंत्रणेंही त्याच पटावरून धाडावीं, म्हणजे सातवी-आठवींतून शाळा सुटलेला सोबतीही वगळला जाणार नाहीं.

लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायांत प्रभु येशूनें मेजवानींत मानाचीं आसनें धरणाऱ्यांस अगदीं शेवटच्या जागीं बसण्याचा उपदेश केला आहे. पाहुण्यानें तो पाळावाच. परंतु यजमानाचें कर्तव्य याहून पुढचें आहे. शेवटची जागा अपमानाची वाटणार नाहीं, अशी बैठक त्यानें मांडावी. विद्यार्थिमित्रांनो, आज बाकावर तुमच्या शेजारीं जो बसतो, त्यास पुढेंही शेजारींच बसतां यावें, एवढ्यासाठीं ही सारी मोजदाद.