बेसबॉलचा व्यवसाय आणि टिकण्याचे गणित

अर्थशास्त्राच्या वर्गात संख्याशास्त्राचा भाग चालू असताना सरांनी शक्यतांचा गुणाकार शिकविला. फाशांची आणि पत्त्यांची उदाहरणे सोडवून कंटाळा आला, म्हणून खऱ्या जगातले एखादे उदाहरण शोधू लागलो आणि अमेरिकेतील बेसबॉलपाशी येऊन थांबलो. या खेळाचे नियम मला आजही पुरते कळत नाहीत. परंतु या व्यवसायात माझ्याच वयाच्या मुलांना जो निर्णय घ्यावा लागतो, तो मात्र चांगला कळला.

तेथे शालेय शिक्षण संपविणाऱ्या अठरा वर्षांच्या चांगल्या खेळाडूपुढे दोन वाटा असतात. एखाद्या संघाने निवडले तर लगेच करारावर सही करायची, किंवा महाविद्यालयात जायचे. चार वर्षांच्या महाविद्यालयात नाव घातले, की तिसरे वर्ष पुरे होईपर्यंत किंवा वयाची एकवीस वर्षे भरेपर्यंत पुन्हा निवड होत नाही. दरम्यान खांदा दुखावला तर हातचे गेले. उलट सही केली आणि खेळ जमला नाही, तर शिक्षण मागे राहिले.

१९६५ पासून ही निवड दरवर्षी फेऱ्या-फेऱ्यांनी होते. पूर्वी फेऱ्या पुष्कळ असत, २०२१ पासून वीस आहेत. तीस संघ आणि वीस फेऱ्या, म्हणजे दरसाल सहाशेच्या वर मुले. शिवाय डॉमिनिकन प्रजासत्ताक, व्हेनेझुएला येथून सोळा-सतरा वर्षांची मुले करारबद्ध होतात, ती वेगळीच. आता जागा पाहा. मेजर लीग म्हणजे सर्वोच्च पातळी. तिथे प्रत्येक संघात २६ खेळाडू, म्हणजे एकूण ७८० जागा. त्याही रिकाम्या नसतात. भरलेल्या एस. टी.त आतला उठल्याखेरीज बाहेरच्याला बसता येत नाही, तसेच हे.

म्हणून निवडलेला मुलगा आधी मायनर लीगमध्ये जातो. तिच्या चार पायऱ्या आणि १२० संघ आहेत, त्याखाली अगदी नवशिक्यांचे संघ. येथे वर्षानुवर्षे बसने गावोगाव हिंडत खेळावे लागते. सर्वांत वरच्या पायरीवरचे वार्षिक वेतन २०२३ च्या करारापूर्वी १७,५०० डॉलर होते, त्या करारात ते ३५,८०० झाले. त्याच वर्षी मेजर लीगचे किमान वेतन ७,२०,००० डॉलर होते. एका पायरीचे अंतर, आणि वेतन वीसपट! आशेवर माणूस किती वर्षे काढतो, याचे कारण या दोन आकड्यांत आहे असे मला वाटते.

परंतु वर पोहोचला म्हणजे सुटला, ही समजूत खरी नाही. कोलोरॅडो विद्यापीठातील अभ्यासकांनी २००७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. १९०२ ते १९९३ या काळात मेजर लीगमध्ये आलेल्या ५,९८९ खेळाडूंची त्यांनी गणना केली. चेंडू फेकणारे, म्हणजे पिचर, त्यात धरलेले नाहीत. सरासरी कारकीर्द निघाली ५.६ वर्षे. पाचांपैकी एक जण एकच वर्ष टिकला, आणि कारकिर्दीच्या कोणत्याही टप्प्यावर बाहेर पडण्याची शक्यता ११ टक्क्यांहून कमी नव्हती.

आता सरांचा गुणाकार येथे लावून पाहू. शंभर जण आले. पहिल्या वर्षानंतर उरले ऐंशी. पुढे दरवर्षी ११ टक्के गळती धरली, तर एकाहत्तर, त्रेसष्ट, छप्पन आणि सहावा हंगाम सुरू करणारे फार तर पन्नास. ११ टक्के हा कमीत कमी आकडा आहे, तेव्हा प्रत्यक्षात याहूनही कमी. आणि आपल्या मर्जीने संघ निवडून मोठा करार करण्याचा हक्क खेळाडूला मिळतो तो मेजर लीगमधील सहा वर्षांच्या सेवेनंतर! वर्तमानपत्रात कोट्यवधींचे करार छापून येतात, ते या गाळणीतून उरलेल्यांचे होत.

निवडीचा क्रमांक तरी काही हमी देतो काय? १९९१ साली पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या ब्रायन टेलरला न्यूयॉर्क यांकीज संघाने साडेपंधरा लाख डॉलर दिले. १९९३ च्या डिसेंबरात एका मारामारीत त्याचा खांदा निखळला आणि तो मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. उलट माइक पियाझाची निवड १९८८ साली बासष्टाव्या फेरीत झाली, आणि २०१६ मध्ये त्याला त्या खेळातील सर्वोच्च बहुमान मिळाला. अर्थात बासष्टाव्या फेरीतले बाकीचे कोणाच्या लक्षात आहेत?

आपल्या देशातील दोघांची गोष्टही येथे सांगितली पाहिजे. उत्तर प्रदेशातील भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल २००८ साली एका दूरचित्रवाणी स्पर्धेतून पुढे आले आणि पिट्सबर्ग पायरेट्सने त्यांना करारबद्ध केले. दोघेही मायनर लीगच्या वर गेले नाहीत. रिंकू पुढे व्यावसायिक कुस्तीत गेला. त्यांच्यावर चित्रपट निघाला, तो मात्र निवडीपर्यंतचा.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिला. प्रवेशाच्या वेळी वडिलांनी एवढेच विचारले होते, "तीन वर्षं घालून हाती काय येणार, ते कुणी लिहून देतं का?" बेसबॉलच्या करारात एक कलम घालून घेता येते. खेळ सुटल्यावर ठरावीक मुदतीत मुलाने महाविद्यालयात नाव घातले, तर ठरलेला शिक्षणखर्च संघाने द्यायचा. हे कलम मी वडिलांना मराठीत समजावून सांगितले, तेव्हा त्यांनी ते पुन्हा एकदा सांगायला लावले.