साडेचौदा मिलिमीटरसाठी

तुझ्या बाबांची मारुती ८०० तू आता गावी नेणार म्हणतोस, आणि टायरवाला म्हणाला की आल्टोचे टायर घाला, गाडी मस्त उंच होईल. तो खोटं बोलत नाही. पण किती उंच होईल, ते विचारलंस का?

टायरवरचा आकडा वाचता आला की हिशेब सोपा आहे. ८०० ला १४५/७० आर १२ येतो. १४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे त्या रुंदीच्या सत्तर टक्के टायरची भिंत, आणि १२ इंची रिम. भिंत झाली १०१.५. वर एक, खाली एक, मधे रिमचे ३०४.८. सगळं चाक ५०८ मिलिमीटर. जुन्या आल्टोचा टायर १४५/८० आर १२. त्याची भिंत ११६ आणि चाक ५३७. फरक २९ चा, आणि इथेच लोक फसतात. गाडी २९ ने उचलली जात नाही, निम्म्याने जाते, कारण जमिनीपासून एक्सलपर्यंत अर्धंच चाक असतं. तुझ्या हाती आले साडेचौदा मिलिमीटर, म्हणजे करंगळीएवढे. इंजिनखालचं चेंबर वाचायला कधी कधी तेवढेही पुरतात, नाही म्हणत नाही मी.

आणि टायर रुंद घेतला म्हणजे उंच झाला, असंही समजू नकोस. जुन्या स्विफ्टला साध्या मॉडेलवर १६५/८० आर १४ यायचा आणि वरच्या मॉडेलवर १८५/६५ आर १५. दिसायला दुसरा दांडगा. हिशेब करून बघ, दोन्ही चाकांच्या उंचीत दोन मिलिमीटरचा फरक नाही. कंपनीने मुद्दामच तो जमवलेला असतो. त्याच स्विफ्टच्या रिमवर १६५/८० ऐवजी १८५/७० आर १४ घातलास तर गाडी उलट कणभर खालीच येते.

टायरच्या दुकानात जायच्या आधी टेप घे. गाडी सपाट जागी लाव, आत कोणी नको. चाकाच्या मधोमधपासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजूंनी मोज. या मापात टायर येतच नाही, त्यामुळे टायर झिजलेला असो की नवा, स्प्रिंगचं खरं दुखणं कळतं. डाव्या-उजव्यात बोटभर फरक असेल किंवा मागची बाजू पुढच्यापेक्षा स्पष्ट बसलेली असेल, तर तुझी उंची टायरने खाल्लेली नाही, स्प्रिंगने खाल्ली आहे. इतक्या वर्षांच्या गाडीत हेच बहुधा सापडतं. नवीन स्प्रिंगांची जोडी घातली की टायरमधून मिळते त्याहून जास्त उंची मिळू शकते, आणि ती कंपनीने दिलेलीच असते. तिच्यासाठी कोणाला उत्तर द्यावं लागत नाही. घालताना जोडीनेच घाल, एकच बदललीस तर गाडी लंगडी होते.

शॉकअप बदलले की गाडी उंच होते, असं गॅरेजमध्ये सर्रास सांगतात. गाडी उभी असताना वजन पेलते स्प्रिंग, शॉकअप नुसता झोका आवरतो. पण शॉकअप मेलेला असेल तर खड्ड्यातून वर येताना गाडी दुसऱ्यांदा खोल बसते आणि त्या दुसऱ्या बसण्यालाच चेंबर लागतं. म्हणून तोही बघून घे. बोनेटचा कोपरा दाबून सोड. गाडी एकदा वर येऊन थांबली पाहिजे, डोलत राहता कामा नये.

स्प्रिंगच्या वेटोळ्यांत घालायचे रबरी बफर मिळतात, स्वस्त आणि लगेच फरक दाखवणारे. मला ते आवडत नाहीत. गणपतीला पाच माणसं आणि डिकीत सामान घेऊन निघालास तर मागची बाजू कमी बसेल, तेवढा त्यांचा उपयोग. पण स्प्रिंगची हालचालच कमी झाल्यावर जांभ्याच्या रस्त्यावर कंबर तुझी जाणार. पुढे तर घालूच नकोस. एक्सलचा कोन वाढून त्याचे रबरी बूट लवकर फाटतात आणि अलाइनमेंटही हलते.

स्प्रिंग ठीक करूनही वाडीच्या चढाला खालून घासतंच असेल, तर मग आल्टोचे टायर. तेही चारी एकदम विकत घेऊ नकोस. आधी एकच पुढच्या चाकावर चढवून बघ. स्टेअरिंग दोन्हीकडे पूर्ण काप, मडगार्डच्या आतल्या प्लॅस्टिकला लागतंय का बघ. मग हात आत घालून शॉकअपवर स्प्रिंगची जी बशी असते तिच्या आणि टायरच्या मधे बोट घाल. शॉकअप चाकाबरोबरच वर-खाली होतो, वळतोही त्याच्याबरोबर, म्हणून ही फट कायम तेवढीच राहते. बोट सहज जात नसेल तर विषय संपला, टायर परत कर. मागचं तपासताना सीटवर तीन दणकट माणसं बसव. रिकामी गाडी मागे कधीच घासत नाही.

हे जमलं तर पुढचे तोटेही ऐकून ठेव. चाक पावणेसहा टक्क्यांनी मोठं झालं. जाणकार तीन टक्क्यांच्या आत राहा म्हणतात, म्हणजे तू बराच पुढे गेलास. काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८४-८५ ने पळत असेल. १०० किलोमीटर गेलास तरी मीटरवर साडेचौऱ्याण्णवच चढतील. ॲव्हरेज पडला म्हणून मेकॅनिककडे जाशील, तर निम्मं पडणं नुसतं कागदावरचं असेल. उरलेलं मात्र खरं. ७९६ सीसीचं इंजिन ते, घाटात जिथे दुसऱ्यावर निभायचं तिथे पहिला टाकावा लागेल. ब्रेकही जरा जास्त दाबावा लागतो. हायवेवर रोज ये-जा करायची असती तर मी तुला नकोच म्हटलं असतं. गावातल्या गावात फिरायला चालेल.

कायद्याचंही एक आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी न जुळणारा बदल करायला मनाई करतं. गाडीच्या पुस्तकात नसलेला आकार घालणार असशील तर आधी आरटीओत आणि विम्यावाल्याला विचार. विम्याचं उत्तर लेखी घे, फोनवरचं ‘चालतंय हो’ क्लेमच्या वेळी कुणाला आठवत नाही.

घेताना टायरच्या कडेवरचे चार आकडे वाच. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. दुकानात दोन-तीन वर्षं पडलेला माल ‘नवाच आहे’ म्हणून गळ्यात मारतात. चारही एकाच आकाराचे हवेत. स्टेपनी जुन्या मापाची राहिली आणि पुढचं चाक पंक्चर झालं, तर मागचं चाक काढून पुढे लाव आणि स्टेपनी मागे टाक. इंजिनचा जोर पुढच्या चाकांवर असतो, तिथे एक लहान एक मोठं नको. चाकं बसवून थोडं फिरलास की नट पुन्हा एकदा आवळून घे आणि अलाइनमेंट कर. हेडलाइटही खाली घे, समोरच्याच्या डोळ्यांत जायला लागतील.

आणि गतिरोधक. नियमातला गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असतो, त्यावर तुझी ८०० आहे तशीच जाईल. आपल्या फाट्यावर लोकांनी रातोरात घातलाय तो कुठल्या नियमातला नाही. तिथे टायरही कामाचे नाहीत. मागच्या सीटवरच्यांना उतरव, रिकामी गाडी हळू तिरकी काढ आणि पलीकडे थांब. आजी तेवढी बसू दे.