हळदीच्या डब्यातील शाळा

नवल पाहावयाचे तर दूर देशी जावे लागते, असा पुष्कळांचा समज असतो. खरे पाहता ज्या वस्तूला आपला हात रोज लागतो, तिच्याकडे आपले डोळे बहुधा कधी लागतच नाहीत. म्हणून ह्या पाठासाठी आम्ही स्वयंपाकघरातील एकच जिन्नस घेतला आहे, तो म्हणजे हळद. तिच्याविषयी जे वाचले व जे स्वतःच्या हातांनी करून पाहिले, ते येथे क्रमाने मांडतो. वाचकांनीही जे करता येण्याजोगे आहे ते करून पाहावे. नुसते वाचून सोडणाऱ्यास ह्या पाठाचा अर्धाच लाभ होईल.

१. डाग तांबडा का होतो?

पांढऱ्या सदऱ्यावर कालवणाचा पिवळा डाग पडला आणि त्यावर साबण लावला, तर डाग निघण्याऐवजी एकाएकी तांबडा होतो, हे प्रत्येक गृहिणीने पाहिले आहे. पाण्याने साबण निघून गेला की तो पुन्हा पिवळा दिसू लागतो. हे पाहिले सर्वांनी. पण असे का होते हे विचारणारे थोडेच.

हळदीत जो पिवळा रंग आहे त्याला शास्त्रज्ञ कर्क्युमिन म्हणतात. तो १८१५ साली प्रथम हळदीतून वेगळा काढण्यात आला, आणि त्याची घटना १९१० साली निश्चित झाली. ह्या द्रव्याचा स्वभाव असा की, आंबट पदार्थांत व साध्या पाण्यात ते पिवळे राहते. परंतु चुना, साबण, धुण्याचा सोडा, राखेची निवळी अशा खारट-तुरट, म्हणजे अल्कधर्मी, पदार्थांचा स्पर्श होताच ते तांबडे होते. त्यावर लिंबू पिळले की पुन्हा पिवळे. हळद व चुना एकत्र करून कुंकू बनविण्याची जुनी रीत ह्याच स्वभावावर उभी आहे. हळदीचेच कुंकू होते हे आपल्या आजीला ठाऊक होते. तिच्यापाशी शास्त्राचा शब्द नव्हता, एवढेच.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवण्याजोग्या आहेत. हा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, तेलात मात्र चांगला विरघळतो. म्हणून फोडणीत घातलेली चिमूटभर हळद सगळे कालवण रंगविते. आणि उन्हात हा रंग टिकत नाही. हळदीचा डाग कितीही घासला तरी हटत नाही, पण धुऊन कडक उन्हात वाळत घातला म्हणजे तो पुसट होत जातो. ह्यावरूनच, हळदीचा डबा झाकलेला व उजेडापासून दूर का ठेवावा, हेही समजेल.

२. हळदीचा कागद

आता एक प्रयोग. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवून ती कोऱ्या कागदावर सारवावी, कागद सावलीत वाळवावा व त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापाव्या. मग एकेका पट्टीवर चुन्याची निवळी, साबणाचे पाणी, राखेची निवळी, चिंचेचे पाणी, ताक व विहिरीचे पाणी ह्यांचा एकेक थेंब टाकावा. पहिल्या तिहींनी पट्टी तांबडी होईल, पुढच्या तिहींनी ती पिवळीच राहील. आम्ही हा प्रयोग मुलांबरोबर पुष्कळदा केला आहे, आणि प्रत्येक वेळी मुले घरातील आणखी दहा वस्तूंचे थेंब टाकून पाहावयास निघतात. ह्यापरते शिक्षण ते कोणते?

एक चाणाक्ष मूल येथे विचारील की, चिंच व साधे पाणी ह्या दोहोंनीही पट्टी पिवळीच राहते, तर आंबट कोणते हे कसे ओळखावे? प्रश्न रास्त आहे. त्याला हळद उत्तर देऊ शकत नाही. त्यासाठी जास्वंदीची फुले गरम पाण्यात भिजवून ते पाणी घ्यावे. आंबटाने ते गडद गुलाबी होते, आणि साबणाच्या पाण्याने हिरवट. प्रत्येक साक्षीदाराला सर्वच ठाऊक नसते. ज्याला जे ठाऊक आहे तेच त्याला विचारावे.

३. चमत्कार की चुना?

ह्या लहानशा ज्ञानाची किंमत मोठी आहे, ती आता सांगतो. धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने कोऱ्या कागदावर काही लिहून तो वाळविला, तर अक्षरे दिसत नाहीत. त्यावर हळदीचे पाणी शिंपडताच ती तांबडी होऊन उमटतात. गावात आलेला भोंदू हाच कागद काढून, “पाहा, तुमच्यावर करणी कोणी केली त्याचे नाव उमटले,” असे सांगतो. आणि एका चिमूट सोड्यापायी दोन घरांत पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर उभे राहते. हळदीचा हात चुन्याच्या निवळीत बुडवून “रक्त” काढणे, जास्वंद चोळलेल्या सुरीने लिंबू कापून ते लाल करून दाखविणे, ही सर्व ह्याच जातीची कामे होत.

परंतु सर्वांत घातक प्रकार काविळीचा. काविळीच्या रोग्याचे हात चुन्याच्या पाण्याने धुतात, पाणी पिवळे होते, आणि “कावीळ उतरली” असे सांगून त्याला घरी पाठवितात. ह्यातील मर्म असे की, आंब्याच्या आतील सालीचा रस हाताला लावलेला असला, तर चुन्याच्या पाण्याने तो पिवळा रंग देतो. काविळीतील पिवळेपणा रक्तात साठलेल्या पित्तरंगाचा असतो. तो तळहातातून धुऊन निघत नाही.

मग रोगी बरे कसे होतात? ह्याचेही उत्तर प्रामाणिकपणे दिले पाहिजे. दूषित पाण्यातून होणारी पुष्कळशी कावीळ काही आठवड्यांत आपोआप बरी होते. यश शरीराचे असते, पण श्रेय हात धुणारा घेतो. मात्र सर्वच कावीळ अशी नसते. कोणाची यकृताच्या दीर्घ रोगाची असते, कोणाची पित्ताशयातील खड्यांची. गरोदर स्त्रीची कावीळ तर प्राणावर बेतू शकते, आणि तान्ह्या बाळाची वेळीच न तपासल्यास त्याच्या मेंदूला कायमची इजा होऊ शकते. आमच्या परिचयाच्या एका घरातील तरुण सून पाचव्या महिन्यात असता तिचे हात असेच तीनदा धुतले गेले. तिसऱ्या खेपेस ती गुंगीत होती, तेव्हा कोठे तिला तालुक्याच्या रुग्णालयात नेले. ती वाचली, मूल वाचले नाही. “पाणी तर दर वेळी पिवळे होत होते हो,” असे तिची सासू आम्हांस म्हणाली. त्या माउलीचा दोष काय? जे डोळ्यांना दिसले त्यावर तिने विश्वास ठेवला. दिसलेले पडताळून कसे पाहावे, हे तिला कोणी शिकविले नव्हते.

ती पडताळणी अगदी सोपी आहे. ज्याला कावीळ मुळीच नाही अशा धडधाकट माणसाचे हात त्याच माणसाकडून, त्याच पाण्याने धुवून घ्यावे. तेही पाणी पिवळे झाले, तर त्या पिवळेपणाचा रोगाशी काही संबंध नाही हे उघड होते. शास्त्रज्ञांचा सर्व थाटमाट बाजूला काढला तर त्यांच्या पद्धतीचे सार हेच आहे: ज्याला रोग आहे त्याची, ज्याला नाही त्याच्याशी तुलना करा. चमत्काराचा देखावा करून लोकांस फसविणे व त्यावर पैसा मिळविणे हा महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरला आहे, हेही वाचकांनी ध्यानात ठेवावे.

४. पेवातील दिवा

सांगलीजवळील हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे खणलेली आहेत. “पेव फुटणे” हा आपला वाक्प्रचार अशाच भूमिगत कोठारांवरून आला. पेवाचे तोंड बंद केले की आतील प्राणवायू कमी होतो, त्यामुळे किडीला जगता येत नाही व हळद दीर्घकाळ टिकते. २००५ च्या महापुराने ह्यांतील पुष्कळ पेवांची हानी झाली. पेव उघडल्यावर लगेच कोणी आत उतरत नाही. काही वेळ ते उघडे ठेवून आत कंदील सोडून पाहतात. तो विझला, तर माणसाने उतरावयाचे नाही. जेथे कीड जगत नाही तेथे माणूस कसा जगेल?

हाच नियम जुन्या विहिरीला लागू आहे. मोकळ्या हवेत प्राणवायू शेकडा सुमारे २१ भाग असतो. तो सुमारे १६ वर आला की दिवा विझतो. परंतु दिवा जळत राहिला म्हणजे धोका नाही, असे मात्र समजू नये. गटारात व मैल्याच्या टाकीत जे विषारी वायू असतात ते दिव्याने कळत नाहीत, आणि काही तर ज्योतीने पेट घेतात. तेथे दिवा नेऊच नये. आत कोणी बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे उडी घेऊ नये. एकामागून एक घरची माणसे अशीच जातात. दोर टाकावा, वर हवा खेळवावी, आणि अग्निशामक दलास बोलवावे.

५. डब्यातील हळद खरी आहे काय?

पिवळेपणा खुलावा म्हणून काही लोभी व्यापारी हळदीत लेड क्रोमेट नावाचे शिशाचे रंगद्रव्य मिसळतात. शिसे मुलांच्या मेंदूला अपाय करते, व तो अपाय भरून येत नाही. बांगलादेशात ही भेसळ २०१९ साली उघडकीस आल्यावर सरकारने कडक तपासणी केली, आणि दोन वर्षांत ती जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे मनावर घेतल्यास हे थांबविता येते. घरी एवढे करावे: अखंड हळकुंडे पाण्यात टाकावी; पाण्यात लगेच रंग सुटू लागला तर ती घेऊ नयेत. पूड असल्यास पेलाभर पाण्यात चमचाभर टाकून हलवू नये. चांगली हळद तळाशी बसते व पाण्याला फिकट रंग येतो, पाणी गडद पिवळे झाल्यास कृत्रिम रंगाचा संशय धरावा. शिशाची पक्की खात्री मात्र प्रयोगशाळेतच होते.

६. घरच्या ज्ञानाचा मान

कोणी म्हणेल, आजीबाईच्या हळदीत शास्त्र ते कसले? त्याने पुढील हकीकत ऐकावी. १९९५ साली अमेरिकेतील एका विद्यापीठाला, जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचे एकाधिकार-पत्र मिळाले. त्याला भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने आव्हान दिले. मूळचे गोव्याचे डॉ. रघुनाथ माशेलकर त्या वेळी तिचे महासंचालक होते. हा उपयोग आमच्याकडे पूर्वापार ठाऊक आहे, हे जुन्या संस्कृत ग्रंथावरून व १९५३ च्या एका वैद्यकीय नियतकालिकातील लेखावरून दाखविण्यात आले, आणि १९९७ साली ते पत्र रद्द झाले. येथे विचार करण्याजोगी गोष्ट अशी की, आजीचे ज्ञान खरे ठरले ते कोणी तरी लिहून ठेवले होते म्हणून. तथापि खोल जखमेवर हळद दाबून घरी बसणे हे शहाणपण नव्हे. धनुर्वाताची सुई हळदीने चुकत नाही.

म्हणून आमची वाचकांस विनंती अशी की, प्रत्येक घरात एक वही ठेवावी. जे नवल दिसेल ते तीत लिहावे, का असे विचारावे, आणि उत्तर पडताळून पाहावे. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होण्याचा मोह टाळावा. एकदा दिसले ते खरेच असे न मानता पुन्हा करून पाहावे.

अभ्यासाचे प्रश्न

१. हळदीचा तांबडा झालेला डाग लिंबाने पिवळा का होतो?
२. राखेची निवळी कोणत्या वर्गात मोडते? करून पाहून सांगा.
३. काविळीचे हात धुणाऱ्याची परीक्षा कशी घ्याल?
४. विहिरीत दिवा विझला नाही, तरी कोणता धोका उरतो?
५. आपल्या गावात सांगितले जाणारे एक नवल लिहा, आणि ते पडताळण्याचा एक मार्ग सुचवा.