खोटे बोलणारा मुलगा आणि घरची शिक्षा

लहानपणी लाड, मग ताडन आणि सोळाव्या वर्षापासून मैत्री, अशी वाटणी करणारे सुभाषित आपल्या बहुतेक गृहस्थांस ठाऊक असते. पण त्यातला मधला भाग तेवढा ध्यानात राहतो. फैजपूर-सावदा बाजूस कीर्तन संपले, मंडळी पांगली, की एखादा बाप मागे रेंगाळतो. "महाराज, पोरगं क्लासला जातो म्हणून सांगतं आन् स्टँडवर बसतं. खिशातले पैसे गेले, विचारलं तर देवाची शपथ घेतं. मारून पाहिलं, काही उपेग नाही." वय विचारावे तर पंधरा-सोळा.

मारण्याविषयी शास्त्र काय म्हणते ते आधी पाहू. गौतमधर्मसूत्रात शिष्यास वळण न मारता लावावे असे आहे. अगदीच निरुपाय झाला तर बारीक दोरी किंवा वेळूची कांब. याहून दुसऱ्या कशाने जो गुरू मारील त्यास राजाने दंड करावा. मनुस्मृती पुत्रासही हाच नियम लावते: पाठीवर मारावे, डोक्यावर कधीही नव्हे, आणि मर्यादा मोडणाऱ्यास चोराचे पाप. आज शाळेपुरते राजाचे काम २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने केले आहे. त्यात छडीबरोबर मानसिक छळासही बंदी आहे. चारचौघांत पोराची अब्रू काढणारे बाप हा दुसरा भाग सोयीने विसरतात.

ज्या गांधीजींच्या आग्रहामुळे १९३६ च्या डिसेंबरात काँग्रेसचे खेड्यातले पहिले अधिवेशन आपल्या फैजपुरास भरले, त्यांच्या आत्मकथेत नेमका असाच मुलगा आहे. दक्षिण आफ्रिकेतील टॉलस्टॉय फार्मवर सतरा वर्षांचा एक दांडगा पोरगा खोटे बोले, भांडणे काढी. एके दिवशी गांधीजींनी त्यास रूळ मारला. मारताना त्यांचेच अंग कापत होते. मुलगा रडला, क्षमा मागितली आणि पुढे ऐकू लागला. मारकुटे बाप एवढेच सांगून थांबतात! पण गांधीजींनी पुढे लिहिले आहे की त्या माराचा त्यांस पश्चात्तापच राहिला. पोरगा रडला तो दुखले म्हणून नव्हे, तर मारणाऱ्याचे दुःख त्यास दिसले म्हणून. आता आपण हात उगारतो तेव्हा पोरास आपले दुःख दिसते की संताप, हे ज्याचे त्याने पाहावे.

दुसरे उदाहरण घरचेच. त्या अधिवेशनासाठी साने गुरुजी खान्देशात गावोगाव हिंडले, हे जुनी माणसे सांगत. त्याआधी, १९२४ पासून १९३० पर्यंत, ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते आणि छात्रालयही सांभाळीत. मुले खोल्या घाण ठेवीत, अंथरुणे पसरून जात. गुरुजी मागून येऊन स्वतः झाडून काढीत, अंथरुणे आवरीत, कपडे धुऊन ठेवीत. बोलत काही नसत. काही दिवसांनी मुलेच लाजून कामाला लागली. हा उपाय दिसतो मऊ, पण फार महाग आहे बरं का! कारण तो करणाऱ्यास स्वतः आधी नीट वागावे लागते. दारात देणेकरी आला की "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" असे ज्या घरात पोरास शिकविले, तिथे खोटे बोलण्याची पहिली संथा बापानेच दिली.

व्यवहाराची एक गोष्ट सांगतो. पोरगा कुठे होता हे ठाऊक असताना "कुठे होतास?" असे विचारू नये. तो सापळा आहे. त्याने एक खोटे दोन होतात. "तू स्टँडवर होतास, आम्हांस कळले आहे, आता बस आणि सांग," असे सरळ म्हणावे. पैसे घेतले असतील तर तेवढे काम त्याने केळीच्या बागेत करून फेडावे, आणि फिटले म्हणजे फिटले. पाहुण्यांपुढे पुन्हा तो विषय काढू नये. जेवण मात्र कधीही बंद करू नये. खरे सांगितले तर शिक्षा थोडी कमी होते, असा अनुभव त्यास एकदा तरी येऊ द्यावा. नाहीतर खरे बोलण्यात त्याचा फायदा कोणता? मात्र खोट्यामागे व्यसन, जुगार किंवा कोणाची धमकी असल्याचा वास आला तर एकट्याने झुंजू नये. शिक्षकास, डॉक्टरास विश्वासात घ्यावे; त्यात कमीपणा नाही.

काहीजण म्हणतात, "महाराज, याच्या गळ्यात माळ घाला, म्हणजे सुधारेल." आम्ही नाही म्हणतो. तुळशीची माळ ही बेडी नव्हे. धाकाने घातलेल्या माळेची तो उद्या खोटी शपथ घेईल, म्हणजे माळही गेली आणि पोरगाही. ज्ञानोबा रागावून ताटी लावून बसले, तेव्हा धाकट्या मुक्ताईने ताटी फोडली नाही. बाहेर उभी राहून त्यांस विनवीत राहिली. तीच मुक्ताई आपल्या खान्देशात तापीकाठी विसावली. कोथळीहून तिची पालखी पंढरीस निघते, तीत मुलाची इच्छा असेल तर त्यास जरूर न्यावे. घरी समोरासमोर बसवून जे निघत नाही ते पायी चालताना निघते, कारण तिथे कोणी कोणाच्या तोंडाकडे पाहत नसतो. मात्र त्या दिवसांत बापाने मागचा हिशेब काढू नये, आणि मुक्कामास पोरगा आपण होऊन काही बोलू लागला तर टाळ बाजूस ठेवून ऐकावे.