बस्त्याला निघण्याआधी: नवरीच्या साडीचा खर्च आणि माप

बहुतेक घरांत आधी साडीचा आकडा ठरतो आणि शिलाईला उरेल ते. हे उलटं करा. नवरी उठून दिसते ती ब्लाउजच्या मापामुळे आणि उंचीला शोभणाऱ्या काठामुळे. नवरीसाठी पंधरा हजार काढले असतील, तर चार हजार शिलाई, फॉल-पिको आणि साडी नेसवणारीसाठी आधी बाजूला ठेवा. उरलेल्यात साडी बघा.

श्रीरामपूर तालुक्यातल्या आपल्या बेलापूरहून श्रीरामपूर हाताशी आहे. शालू, सेमी पैठणी, लेहंगा तिथे पाहून होतो. बस्ता मोठा असेल तर नगरचा कापड बाजार. हातमागाचीच पैठणी हवी असेल तर येवला गाठा. बेलापूर स्टेशन श्रीरामपूर शहरातच आहे. तिथून दौंड–मनमाड मार्गावर पुणतांबा, कोपरगाव आणि पुढे येवला. सगळ्या गाड्या येवल्याला थांबत नाहीत, तेव्हा कोपरगावला उतरून एसटी धरा. निघायचं लग्नाच्या तीन महिने आधी. आवडीचा रंग सांगून पैठणी विणून घ्यायची असेल तर त्याहून बराच आधी. भरलेल्या पदराला विणकराला कित्येक महिने लागतात. ऑनलाइन मागवत असाल तर पत्त्यात तालुका आणि पिनकोड नीट लिहा, नवी मुंबईतही बेलापूर आहे.

आता अंगलट. उंची पाच फुटांच्या आसपास असेल तर काठ दोन-तीन इंचांचा, बुट्टी बारीक, काठ आणि अंगाचा रंग जवळचा. रुंद काठ उंची खातो. उंच मुलीने मात्र रुंद काठ आणि भरलेला पदर बिनधास्त घ्यावा. अंगाने बारीक असाल तर कडक, फुगणारं रेशीम भर देतं. पोट आणि कंबर भरलेली असेल तर तेच रेशीम कमरेवर ढीग करतं. मऊ, पडणारं रेशीम घ्या, आणि नऊवारी नेसवणारीला ओचा लहान ठेवायला सांगा. दंड जाड असेल तर बाही कोपरापर्यंत न्या. बाहीचा काठ दंडाच्या मधोमध आला की दंड आणखी रुंद दिसतो. मान आखूड असेल तर पुढचा गळा खोल ठेवा. अशा मानेवर ठुशी आणि चिंचपेटी एकत्र नको. एकच घाला, खाली मोहनमाळ सोडा.

दुकानात गादीवर पसरलेली साडी पाहून ठरवू नका. अंगावर लावा, उजेडात दारापाशी उभ्या राहा, मांडी घालून बसून बघा. विधींचा बराच वेळ बसूनच जातो. नवरीचं मत बस्त्याच्या गर्दीत हरवतं, म्हणून तिची साडी आहेराच्या साड्यांच्या आधी, वेगळी निवडा. बिलही वेगळं घ्या. एकत्र बिलात आहेराच्या साडीवर सूट दिसते आणि नवरीच्या साडीवर तीच भरून काढलेली असू शकते.

दर साधारण असे, गावागणिक थोडे खाली-वर. सेमी पैठणी दोन ते पाच हजार. हातमागाची दहा हजारांच्या आसपास सुरू, वर मर्यादा नाही. अस्तराचा साधा ब्लाउज चारशे ते सातशे, पॅडचा हजारापर्यंत, आरी वर्क अडीच हजारांपुढे. फॉल-पिको शंभर-दीडशे. नऊवारी शिवून घ्यायची तर हजार ते अडीच हजार, नेसवणारी पाचशे ते दीड हजार.

लपलेला खर्च शिलाईतच असतो. ‘घाईची शिलाई’ म्हणून ऐनवेळी जादा मागतात. अस्तर, हुक, लटकन वेगळे लावतात. आरी वर्कचा दर गळा आणि दोन्ही बाह्या धरून आहे का, हे आधीच लिहून घ्या. ब्लाउजच्या शिवणीत आत दीड-दोन इंच माया ठेवायला सांगा, लग्नाआधी वजन हलतंच. हातमागाची पैठणी कापून नऊवारी शिवू नका, ती पुन्हा साडी म्हणून नेसता येत नाही. नऊवारी घेताना टेपने मोजा. सव्वाआठ मीटरच्या आसपास हवी, भरलेल्या अंगाला तर एक वीतही कमी पडून चालत नाही.

हातमाग म्हणून पैसे देत असाल तर पदर उलटा करा. खऱ्या विणीत मोर-मुनिया मागूनही पुढच्यासारख्याच स्वच्छ दिसतात. मागे सुटे, कापलेले धागे लोंबत असतील तर हातमागाचा भाव देऊ नका. रेशमासाठी सिल्क मार्कचं लेबल, विणीसाठी हँडलूम मार्क मागा.

साडीवर जीएसटी 5 टक्के. सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपुढच्या तयार कपड्यावर, म्हणजे लेहंग्यावर, 18 टक्के. मात्र एमआरपी छापलेली असेल तर कर त्यातच येतो, वर देऊ नका. लेहंगा भाड्याने घेत असाल तर ओळखपत्राची झेरॉक्स द्या, मूळ प्रत नाही. आधीचे डाग, फाटलेल्या जागा दुकानदारासमोर फोटोत घ्या आणि अनामत कधी परत मिळेल ते पावतीवर लिहून घ्या.

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ या पाटीला घाबरू नका. मालात दोष असेल आणि बिलावर मुदत नसेल तर 30 दिवसांत परत करण्याचा हक्क 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा देतो. त्यासाठी पक्कं बिल लागतं. दुकानदार ऐकत नसेल तर 1915 वर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी नाही.