'होतंय तसं' ऐकून गप्प बसू नका

आधी एक सांगतो. मी गड्ड्याच्या यात्रेत गेलो नव्हतो. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच नंदीध्वज घरात बसून टीव्हीवर बघितले, तेही काळा चष्मा लावून. तरी डॉक्टर म्हणाले, "काका, यात्रेत फिरला असाल, डोळ्यात धूळ गेली असेल."

मोतीबिंदूचं ऑपरेशन शनिवारी झालं, भिंग बसलं. रविवारी पट्टी निघाली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरची तिथीसुद्धा वाचली. मंगळवारी रात्री डोळा ठणकायला लागला. बुधवारी फोन केला. काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, "होतंय तसं. ड्रॉप चालू ठेवा, शनिवारी दाखवायचंच आहे की." डॉक्टरांना द्या म्हटलं, तर ते ओटीत. संध्याकाळीही ओटीतच.

गुरुवारी सकाळी चांगला डोळा झाकून कॅलेंडरकडे बघितलं. तिथी सोडा, कॅलेंडरच दिसेना. नुसता धुरकट उजेड. बायकोनं खिडकीपाशी नेऊन पापणी उचलली. "अहो, बुबुळात खाली पांढरं साचलंय. वाटीच्या तळाला ताक राहावं तसं." तो पू होता.

रेटिनाच्या डॉक्टरांनी सुईनं डोळ्यातलं पाणी काढून तपासणीला पाठवलं आणि रिपोर्टची वाट न बघता व्हॅन्कोमायसिन आणि सेफ्टाझिडिम थेट डोळ्यात टोचलं. नजर अर्धीमुर्धी परत आली. रिपोर्टमध्ये स्टॅफिलोकॉकस एपिडर्मिडिस निघाला, तो सगळ्यांच्याच कातडीवर असतो. "म्हणजे तुमच्याच पापणीवरचा," पहिले डॉक्टर किती हलके झाले म्हणून सांगू! असेल माझाच. मग ऑपरेशनआधी डोळ्यात बिटाडीन घालतात ते कशाला? हजारात एखाद्याला असं होतं, हे मलाही कळतं. माझा राग जंतूवर कमी आणि त्या बुधवारवर जास्त आहे.

तेव्हा ऐका. ऑपरेशननंतरची टोचणी दिवसागणिक कमी व्हायला हवी आणि नजर वाढायला हवी. उलटं झालं, तर फोन करत बसू नका, रिक्षा करून दारात जाऊन बसा. दाद लागली नाही तर त्याच दिवशी रेटिनावाल्याकडे जा, इथे तासांचा हिशेब असतो. रोज एकेक डोळा झाकून ठरावीक अक्षरं वाचा. दोन्ही उघडे ठेवले की चांगला डोळा फसवतो. भिंगाचं स्टिकर लावलेलं कार्ड जपा. हात धुवा, साखर आटोक्यात ठेवा, हे तर सगळेच सांगतात.

आणि त्या दिवशी ऑपरेशन झालेल्या इतरांचे नंबर घेऊन ठेवा. २०१९ मध्ये मुंबईत जोगेश्वरीच्या पालिका रुग्णालयात मोतीबिंदूच्या सात रुग्णांना संसर्ग झाला होता. दोघा-तिघांचे डोळे एकदम बिघडले, तर पापणीचं कारण चालत नाही. माझ्या शेजारी अक्कलकोटच्या एक आजी होत्या. त्यांचं काय झालं, कुणाला विचारू?

शनिवारी काउंटरवरून आपणहून फोन आला. "काका, आज तपासणीला येताय ना?"