टीव्ही कोणाच्या घरी पाहिलात?

आमच्या पिढीला टीव्हीच्या जुन्या आठवणी विचारा, लगेच यादी सुरू होते. छायागीत, गजरा, चिमणराव, रामायण. यादी खरी असते, पण सगळ्यांची सारखीच असते, आणि त्यामुळे सांगणाऱ्याबद्दल तीतून काहीच कळत नाही. मी सासवडची. जन्म सत्तरच्या दशकातला. माझ्या आठवणी जरा खरवडून पाहिल्या तेव्हा यादीखाली वेगळंच काही निघालं. ते हे.

1. पहिली आठवण पडद्यावरची नसते.

माझी चपलांची आहे. आमच्या वाड्यात माडीवरच्या काकूंकडे टीव्ही होता आणि शनिवारी संध्याकाळी त्यांच्या जिन्यावर चपला मावत नसत. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी. आत चार पायांवर उभं लाकडी खोकं, त्याला दोन्ही बाजूंनी सरकणारं शटर, वर क्रोशाचा रुमाल आणि रुमालावर प्लॅस्टिकची फुलं. शटरला कुलूप होतं. किल्ली काकांच्या जानव्याला. ते शटर सरकल्याचा आवाज मला आजही ओळखता येईल, पण त्या दिवशी सिनेमा कुठला होता, काही आठवत नाही. ज्यांना विचारलं त्यांचं थोड्याफार फरकाने असंच आहे. कुणाला स्टॅबिलायझरचा लाल दिवा आठवतो, कुणाला त्या घरचा फोडणीचा वास.

2. कोण कुठे बसलं होतं ते आठवा, अख्खा वाडा आठवतो.

काकांची आरामखुर्ची मधोमध. पलंगावर इतर पुरुष. पुढे सतरंजीवर आम्ही पोरं, अगदी पडद्याला नाक लावून, आणि दर पाच मिनिटांनी कुणीतरी ओरडायचं, “मागे सरका रे, डोळे जातील!” बायका स्वयंपाकघराच्या दाराशी, निम्म्या आत, निम्म्या बाहेर. आणि वाड्यात धुणीभांडी करणाऱ्या मावशी जिन्याच्या सगळ्यात वरच्या पायरीवर, चौकटीच्या बाहेर. तिथून पडदा तिरका दिसायचा. त्यांना तिथे बसा असं कुणी सांगितलेलं मी ऐकलं नाही. आत या असंही कुणी म्हटलेलं ऐकलं नाही.

“तेव्हा अख्खी आळी एकत्र बसून टीव्ही बघायची” असं आता गहिवरून सांगितलं जातं. बघायची, पण कोण सतरंजीवर, कोण पलंगावर आणि कोण पायरीवर, हे गाळून ते सांगू नये.

3. टीव्हीने आम्हाला भूगोल शिकवला, तोही कौलांवर चढवून.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं 2 ऑक्टोबर 1972 ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपक बसला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्याकडे दिसू लागले. सिंहगडच का? कारण टीव्हीच्या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात, मध्ये डोंगर आला की अडतात. म्हणून मनोरा जितका उंचावर तितका लांबचा मुलूख त्याच्या टप्प्यात. सासवडहून सिंहगड जवळजवळ नेमका पश्चिमेला आहे. गावातल्या सगळ्या अँटेना त्यामुळे मावळतीकडे तोंड करून असत. ॲल्युमिनियमच्या आखूड काड्यांची बाजू गडाकडे, लांब काड्यांची मागे. ज्या घराच्या पश्चिमेला टेकडी आडवी, त्याने पाइप उंच करावा, बुस्टर लावावा, तरी पडद्यावर मुंग्या त्या मुंग्याच.

वाऱ्याने नाहीतर कावळ्याने अँटेना फिरली की वाड्यात साखळी लागायची. कौलांवर काकूंचा मुलगा, चौकात मी, खिडकीत माझी बहीण, टीव्हीसमोर काका. “आलं का?” “चित्र आलं, आवाज गेला!” “जरा गडाकडे कर!” निरोप वर पोचेपर्यंत त्याने आणखी फिरवलेली असायची, मग उलटा निरोप. चित्र उभं पळायला लागलं तर मागचा खुंटा पिळायचा, तो मान फक्त काकांचा. गड मी प्रत्यक्ष चढले बऱ्याच वर्षांनी; दिशा मात्र तेव्हापासून पाठ होती. आजच्या मुलांना चित्र कुठून येतं ते माहीत असायचं कारणच नाही. यात त्यांचं काही बिघडलं असं मला वाटत नाही.

4. कळलं नाही तेच जास्त टिकलं.

‘आमची माती आमची माणसं’ हा शेतकऱ्यांचा कार्यक्रम, ‘कामगार विश्व’ कामगारांचा. सहा वर्षांच्या मुलीला यातलं काय कळणार? पण टीव्ही लागला की जे असेल ते बघायचं, कारण वाहिनी एकच आणि शटर पुन्हा कधी उघडेल याचा भरवसा नाही. वांग्यावरची कीड, फवारणीचं प्रमाण, प्रदीप भिडे यांच्या भरदार आवाजातल्या साडेसातच्या बातम्या, आणि ‘व्यत्यय’ ही पाटीसुद्धा आम्ही तितक्याच भक्तीने बघितली. लहान मुलांसाठी ‘किलबिल’ होतं. ते मला कमी आठवतं.

5. आठवण तारखेला घासून बघा.

आमचे एक मामा शपथेवर सांगतात की कपिल देवची 175 धावांची खेळी त्यांनी टीव्हीवर पाहिली. 18 जून 1983, टनब्रिज वेल्स, झिंबाब्वेविरुद्ध, 5 बाद 17 वरून. त्या सामन्याचं चित्रीकरणच झालं नाही. कुणीच तो टीव्हीवर पाहिलेला नाही. मामा खोटं बोलत नाहीत. आठवड्याभराने, 25 जूनला लॉर्ड्सवर झालेला विश्वचषकाचा अंतिम सामना, पेपरातली वर्णनं, नंतरच्या गप्पा आणि त्यावरचा अलीकडचा सिनेमा हे सगळं त्यांच्या डोक्यात एका पडद्यावर येऊन बसलंय. तसंच स्मिता पाटील यांचं. त्या सत्तरच्या दशकात मुंबई दूरदर्शनवर मराठी बातम्या द्यायच्या. आज ‘मी त्यांना बातम्या देताना पाहिलंय’ म्हणणाऱ्यांचं जन्मसाल विचारलं की काही जण गप्प होतात.

काही आठवणी मात्र तारखेला पक्क्या उतरतात. 31 ऑक्टोबर 1984 नंतरचे ते दिवस, संथ वाद्यसंगीत, गर्दी, आणि 3 नोव्हेंबरला इंदिराजींचे अंत्यसंस्कार. काकूंच्या खोलीत इतकी माणसं आणि एवढी शांतता एरवी कधीच नव्हती. आम्हा पोरांना त्या दिवशी मागे सरका असं कुणी म्हटलं नाही.

6. रंगाबद्दल फार बोलण्यासारखं नाही.

1982 मध्ये, एशियाडच्या वर्षी, रंगीत प्रक्षेपण आलं. काकूंच्या टीव्हीपुढे काकांनी प्लॅस्टिकचा रंगीत कागद लावला, वर निळा, खाली हिरवा. बातम्या देणाऱ्याचं कपाळ निळं दिसायचं. महिन्याभरात काढला.

7. यजमानीणबाईंनी काय पाहिलं ते विचारा.

हे मला फार उशिरा सुचलं. रामायण सुरू झालं 25 जानेवारी 1987 ला, तोवर आमच्याकडे छोटा टीव्ही आला होता. माडीवर जाणं थांबलं, आणि काकूंशी रोजचं बोलणंही. अलीकडे त्यांना भेटले तेव्हा विचारलं, “काकू, तुम्हाला कुठला कार्यक्रम आवडायचा?” त्या हसल्या. म्हणाल्या, “मी कुठं गं बघितलं? तुम्हा सगळ्यांना पाणी देण्यात आणि चहा करण्यात जायचं माझं. सिनेमाचा शेवट तेवढा बघायचे कधीमधी, तोही उभ्याने. तुम्ही गेल्यावर मी केर काढायचे, मग आमची जेवणं.”

गोड बोलून कुणाला परत पाठवणं त्यांना जमलं असतं. शेजारच्या वाड्यात एकांनी दार लावून घ्यायला सुरुवात केली होती. काकूंनी लावलं नाही. पण त्यांच्या त्या वर्षांतल्या शनिवारांचा हिशेब आमच्या कुठल्याच गोड आठवणीत नाही, आणि घरात टीव्ही असलेल्या बाईने तो सगळ्यात कमी पाहिला, हे वाड्यावाड्यांतून खरं निघेल अशी माझी खात्री आहे.

8. आठवणी गोळा करताना प्रश्न बदला.

“काय पाहायचात?” असं विचारलं की यादी मिळते. “कोणाच्या घरी पाहायचात? कुठे बसायचात? उठून कोण जायचं?” असं विचारलं की माणूस दहा मिनिटं बोलतो. मी हे लग्नाच्या पंगतीत, एसटीत, दवाखान्याच्या बाकावर करून पाहिलंय. फार तर दुसऱ्या वाक्याला समोरच्याच्या तोंडी एखाद्या शेजाऱ्याचं नाव येतं.

दूरदर्शनच्या त्या काळातल्या बऱ्याच टेप पुसून पुन्हा वापरल्या गेल्या. कार्यक्रम गेलेच. ज्यांच्या घरी ते बघितले गेले ती माणसं आता सत्तरी-ऐंशीत आहेत. तुमच्या आळीत, चाळीत, वाडीत पहिला टीव्ही कोणाकडे आला ते शोधून काढा, त्या घरी जा आणि त्या घरच्या बाईंशी बोलून ते लिहून ठेवा. या दिवाळीत फराळाला जाल तेव्हाच करा.